बाटलींतलें साल

पोर्तुगालच्या उत्तर भागांत दोउरो नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें पोर्तो नांवाचें जुनें व्यापारी शहर आहे. या शहरांत इंग्रज मद्यव्यापाऱ्यांनीं 1785 ते 1790 या सालांत बांधलेली एक भक्कम दगडी वास्तु अजून उभी आहे. आपल्याकडे महादजी शिंदे दिल्लीच्या राजकारणांत गुंतले होते, त्या काळची ही इमारत. तिला 'फॅक्टरी हाउस' असें म्हणतात. परंतु फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे. सुरतेच्या किंवा राजापूरच्या इंग्रजांची जी वखार आपल्या इतिहासांत पदोपदीं भेटते, तिचीच ही पोर्तुगालांतली बहीण. तेथें दर बुधवारीं दुपारीं पोर्टचे व्यापारी आणि त्यांचे पाहुणे भोजनास जमतात. भोजनाच्या शेवटीं एक जुनी पोर्ट काचेच्या सुरईंतून पंक्तींत फिरूं लागते. सुरईवर चिठ्ठी नसते. तिच्यांतल्या मद्याचें साल प्रत्येकानें नुसत्या डोळ्यांनीं, नाकानें आणि जिभेनें ओळखावयाचें असतें. मोठ्या मेजवानीच्या वेळीं तर शेजारींच अगदीं तसेंच सजविलेलें दुसरें भोजनगृह असतें; जेवण उरकल्यावर सर्वांनीं उठून तेथें जाऊन बसावयाचें, कारण पक्वान्नांच्या वासानें पोर्टच्या वासास बाध येतां कामा नये!

या खेळास श्रीमंतांचा विरंगुळा म्हणून सोडून देणें सोपें आहे, आणि मद्याचें नांव निघतांच पान उलटणाऱ्या वाचकांसही मी दोष देणार नाहीं. पण इतिहासाची ज्याला आवड आहे त्यानें येथें क्षणभर थांबावें. मोडी दप्तरांतलीं पुष्कळ पत्रें अशीं असतात कीं, त्यांवर चंद्र असतो, पण साल नसतें. अशा पत्रांचीं सालें ठरविण्यांत राजवाड्यांनीं आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं किती श्रम वेंचले, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. पोर्तोच्या पंक्तींतली मंडळी एका परीनें तेंच काम करीत असतात. फरक इतकाच कीं, कागद कितीही वेळां वाचला तरी शिल्लक राहतो. ही बाटली मात्र एकदां वाचली कीं संपली. जें साधन तपासतांच नष्ट होतें, त्याच्या आधारें गेलेल्या काळाविषयीं कांहीं खात्रीनें म्हणतां येतें काय, हा प्रश्न मला त्या मद्याहून अधिक मादक वाटतो.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. दोउरोच्या वरच्या खोऱ्यांत पाटीच्या जातीच्या खडकाचे उभे डोंगर आहेत, आणि त्यांवर दगडी ताली रचून द्राक्षमळे केलेले आहेत. हिवाळा बोचरा, उन्हाळा भट्टीसारखा. सप्टेंबरांत द्राक्षें उतरलीं कीं तीं रुंद दगडी कुंडांत घालून माणसें ओळीनें उभीं राहून पायांनीं तुडवितात. आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्रें आलीं आहेत, तरी उत्तम पोर्टसाठीं पायांनीं तुडविण्याची चाल अजून सुटलेली नाहीं. रस आंबूं लागला म्हणजे त्यांतल्या साखरेचा मद्यार्क होत जातो. दोन-तीन दिवसांनीं, सुमारें निम्मी साखर उरली असतां, तो रस काढून त्यांत द्राक्षांपासूनच केलेला कडक अर्क मिसळतात; चार भाग रसास सुमारें एक भाग अर्क. किण्व मरतें, आंबणें थांबतें, आणि गोडी व तेज हीं दोन्ही आहेत तशीं कोंडलीं जातात. बहुतेक पोर्ट पुढें लांकडी पिंपांत मुरते व निरनिराळ्या सालांची एकत्र करून विकली जाते. परंतु एखाद्या सालीं पीक असामान्य उतरलें असें व्यापाऱ्यास वाटलें, तर त्या एकाच सालची निवडक पोर्ट तो दोन-तीन वर्षांतच, न गाळतां, बाटलींत भरतो आणि बाटलीवर साल घालतो. हीच 'व्हिंटेज' पोर्ट. भरतेवेळीं ती शाईसारखी काळी-जांभळी आणि काथासारखी तुरट असते. मग वीस, चाळीस, क्वचित् ऐशीं वर्षें ती अंधाऱ्या तळघरांत आडवी पडून राहते. भरणारा बहुधा ती पिकलेली चाखावयास राहत नाहीं. इंग्लंडांतल्या सधन घरांत मूल जन्मलें कीं त्याच्या जन्मसालची पोर्ट घेऊन ठेवण्याची रीत होती. मूल एकवीस वर्षांचें होऊन बाटली फोडणार, तोंपर्यंत घेणारा बाप असेल किंवा नसेल.

या मद्याचा जन्म मात्र चवीच्या आवडींतून झाला नाहीं, वैरांतून झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत युद्धें जुंपलीं, आणि इंग्रजांच्या मेजावरची फ्रेंच वाइन कधीं बंदीमुळें, कधीं जबर जकातीमुळें दुर्मिळ झाली. तेव्हां त्यांची दृष्टि पोर्तुगालकडे वळली. 1703 सालीं जॉन मेथ्यूएन या वकिलानें पोर्तुगालशीं तह केला. इंग्रजी लोकरीच्या कापडास पोर्तुगालांत मुभा मिळाली, आणि त्या बदल्यांत पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनीच्या जकातीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक जकात बसूं नये असें ठरलें. इंग्रज गृहस्थाच्या जिभेवर पोर्ट बसली ती अशी: जकातीच्या तक्त्यांतून! लांबच्या समुद्रप्रवासांत माल नासूं नये म्हणून त्यांत थोडा अर्क घालण्याची युक्ति याच व्यापारांत रूढ झाली.

मागणी वाढली तशी लबाडी वाढली. अठराव्या शतकाच्या मध्यास पोर्टची पत इतकी उतरली कीं, भाव कोसळले. 1754 सालीं पोर्तोच्या इंग्रज व्यापाऱ्यांनीं मळेवाल्यांवर भेसळीचा उघड आरोप केला. एल्डर नांवाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस रंगासाठीं मिसळतात, हलकें मद्य वर नेऊन ओततात, इत्यादि. मळेवाल्यांच्या बाजूनें आलेलें उत्तर मोठें झणझणीत होतें. त्याचा मथितार्थ असा कीं, निसर्गानें दिलें तेवढ्यावर तुम्हींच संतुष्ट नव्हतां. तुम्हांस शाईचा रंग हवा, बंदुकीच्या दारूची आग हवी, ब्राझिलच्या साखरेची गोडी हवी आणि वर हिंदुस्थानच्या मसाल्यांचा सुगंधही हवा. मग तो आम्हीं आणावा कोठून? दोन्ही पक्षांचें थोडथोडें खरें असावें. पण भांडणाच्या मुळाशीं जी गोष्ट होती ती मोलाची आहे. पिंपांतला माल अमुक मातींतला व अमुक सालचा आहे, या शब्दावर आतां कोणाचाच विश्वास उरला नव्हता.

तो विश्वास परत आणला तो एका निष्ठुर माणसानें. सेबास्तियाव जुझे द कार्व्हाल्यु, जो पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, हा त्या वेळीं पोर्तुगालचा सर्वाधिकारी मंत्री होता. 1755 च्या भूकंपानें लिस्बन जमीनदोस्त झालें, तें त्यानें पुन्हां उभें केलें. दुसऱ्याच वर्षीं, 10 सप्टेंबर 1756 रोजीं, त्यानें दोउरोच्या मळ्यांसाठीं एक सरकारी कंपनी स्थापिली. निर्यातीची पोर्ट कोणत्या जमिनींत पिकावी याची हद्द आंखून दिली, आणि त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेंहून अधिक खांब रोवले. एल्डरचीं झुडपें उपटून टाकविलीं. मद्याच्या मुलखाची अशी कायदेशीर सीमा आंखण्याचे जे जगांतले अगदीं पहिले प्रयत्न, त्यांत याची गणना होते. मुलखावरून मद्याचें नांव व मोल ठरविणें ही कल्पना मात्र नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून कापिशायन व हारहूरक अशीं त्याचीं देशवाचक नांवें दिलीं आहेत, हें संस्कृतज्ञांस आठवेलच.

कंपनीस पोर्तो शहरांतल्या मद्यविक्रीचा मक्ताही मिळाला, आणि त्यानें गरिबांचा प्याला महाग झाला. 23 फेब्रुवारी 1757 रोजीं गुत्तेवाले, कारागीर, बायका-पुरुष रस्त्यावर आले आणि दंगा झाला. दंगा म्हणावा तर एका दिवसाचाच. पण मंत्र्यानें त्यास राजद्रोह ठरविलें, शहरावर फौज बसविली आणि चौकशी मांडून कित्येकांस फांसावर लटकविलें. आपल्याकडे प्लासीची लढाई झाली तें हेंच साल. पोर्टच्या शौकिनांच्या लिखाणांत पोंबालच्या सीमास्तंभांचें कौतुक पुष्कळ असतें. या फांसांचा उल्लेख झालाच तर एखाद्या ओळींत होतो. मला तरी त्या खांबांकडे पाहतांना दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. बाटलीवरचा शब्द खरा ठरावा म्हणून जी व्यवस्था झाली ती तत्त्वतः योग्य होती. पण तिची किंमत भरली ती ज्यांनीं ती पोर्ट कधींच पिकलेली चाखली नसती अशा लोकांनीं.

साल टिकावें यासाठीं कायद्याइतकीच बाटलीही महत्त्वाची होती. पूर्वींच्या बाटल्या कांद्यासारख्या बुटक्या व फुगीर असत. त्या आडव्या ठेवतां येत नसत. उभ्या बाटलीचें बूच सुकून आक्रसे आणि आंत वारा शिरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाटली लांब व सरळ झाली, एकीवर एक रचतां येऊं लागली, बूच सदा ओलें राहूं लागलें, आणि मद्य बाटलींतच म्हातारें होऊं शकलें. 1775 सालची पोर्ट या जातीची पहिली असें सामान्यतः मानतात.

पुढें, पेशवाई बुडून दोन वर्षें झालीं असतां, म्हणजे 1820 सालीं, दोउरोंत असें विलक्षण गोड व दाट पीक आलें कीं, इंग्रज गिऱ्हाइकांस दर साल तसेंच हवेंसें झालें. निसर्ग दर साल ऐकेना, तेव्हां व्यापारी अधिकाधिक अर्क लवकर घालून गोडी राखूं लागले. या रीतीविरुद्ध एकच माणूस जोरानें उठला. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा 1831 सालीं चुलत्याच्या पेढींत काम करावयास पोर्तोस आला. त्यानें दोउरोचे नकाशे इतके सुरेख काढले कीं, पोर्तुगालच्या राजानें त्यास बॅरन केलें. 1844 सालीं त्यानें निनांवी पुस्तिका काढून सांगितलें कीं, अर्क ओतणें ही भेसळच आहे; शुद्ध पोर्ट म्हणजे पुरती आंबलेली, अर्काविना असलेली दोउरोची वाइन. सगळा व्यापारी समाज त्याच्यावर उलटला. नीतीच्या दृष्टीनें पाहतां फॉरेस्टरची बाजू मला अधिक सरळ वाटते, कारण त्याच्या विरोधकांपैकीं किती जण चवीसाठीं भांडत होते आणि किती गल्ल्यासाठीं, याचा संशय येतो. तरी गंमत अशी कीं, तो जिंकला असता तर आज साठ-सत्तर वर्षांची पोर्ट चाखावयास कोणी जमलेंच नसतें. ज्या अर्कास तो भेसळ म्हणे तोच या मद्यास दीर्घायुषी करतो. 12 मे 1861 रोजीं त्याची नाव वालैराच्या खडकाळ धारेंत उलटली आणि तो बुडाला. त्याचें प्रेतही मिळालें नाहीं. त्याच नावेंत पोर्टच्या व्यापारांतली थोर कर्तबगार स्त्री दोना आंतोनिया फेरैरा होती. ती वांचली, तिच्या घेरदार परकरांनीं तिला तारलें आणि फॉरेस्टरला कमरेच्या पैशाच्या पट्ट्यानें बुडविलें, असें लोक सांगतात.

बाटलीबंद सालांवर संकटें अनेक आलीं. 1833 च्या यादवींत शहरास वेढा घालणाऱ्या फौजेनें माघार घेतांना नदीपलीकडच्या कंपनीच्या वखारी उडवून दिल्या, आणि हजारों पिंपें नदींत वाहिलीं. पण खरी प्रळयकाळची गोष्ट एका कीटकाची. अमेरिकेंतून आलेली फायलोक्सेरा नांवाची सूक्ष्म माव्याच्या जातीची कीड 1860 नंतर दोउरोंत शिरली आणि वेलींचीं मुळें खाऊं लागली. डोंगरचे डोंगर ओसाड पडले. त्या उजाड तालींना तेथील लोक प्रेतांवरून पडलेलें नांव देतात, आणि त्यांतल्या कित्येक आजही तशाच पडून आहेत. उपाय सांपडला तो हा कीं, अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपांतल्या वेलीचें कलम बांधावयाचें. तेव्हांपासून आजच्या जवळजवळ सर्व वेली परक्या पायांवर उभ्या आहेत. म्हणूनच कीड पसरण्यापूर्वींच्या सालांची एखादी बाटली निघाली कीं जाणत्यांचा जीव खालींवर होतो. स्वतःच्या मुळावर वाढलेल्या वेलीची चव कशी होती, या प्रश्नाचें उत्तर देणारा तोच एक साक्षी. आणि त्यास विचारावें तर तो उत्तर देऊन मरतो.

व्हिंटेज पोर्टचें साल 'जाहीर' होतें, त्यालाही एक पद्धति आहे. प्रत्येक पेढी आपलें आपण ठरविते. सरकारी संस्था नमुना तपासून मान्यता देते. दहा वर्षांत सुमारें तीन वेळां असा योग येतो. निवाडा पीक आल्यापासून दोन वर्षांच्या आसपास करावा लागतो, आणि तो खरा कीं खोटा हें तीस-चाळीस वर्षांनीं कळतें. पिकाची लायकी आणि बाजाराची ताकद यांची गल्लत येथें फार सहज होते. 1927 सालची पोर्ट उत्तम म्हणून सुमारें तीस पेढ्यांनीं जाहीर केली. चार वर्षांनीं 1931 सालींही पीक अप्रतिम आलें. पण जगभर मंदी पसरली होती, 1927 चा माल तळघरांतून हलला नव्हता. बहुतेक व्यापाऱ्यांनीं मुकाट्यानें तें साल सोडून दिलें. ज्या थोड्यांनीं जाहीर केलें त्यांत किंता दु नोव्हाल हा मळा होता. त्याच्या एका लहानशा तुकड्यांत विनाकलमाच्या, स्वतःच्या मुळांवरच्या, वयानें अगदीं कोंवळ्या वेली होत्या. त्यांची 1931 सालची पोर्ट आज त्या शतकांतल्या सर्वश्रेष्ठ मद्यांत गणली जाते. म्हणजे, बाजारानें जें साल वगळलें तें बाटलीनें परत लिहून ठेवलें. ज्यांनीं जाहीर केलें नाहीं त्यांच्या मिसळीच्या पिंपांत किती मोठें मद्य बेनांव विरून गेलें असेल! इतिहासांतही असें पुष्कळ होतें. तेथें निदान चिठ्ठी नसलेला कागद उरतो.

आतां प्रत्यक्ष चाखण्याकडे येऊं. जुनी बाटली अगोदर एक-दोन दिवस उभी ठेवतात, म्हणजे पोटांतला साका तळाशीं बसतो. अति जुनें बूच ओढूं गेल्यास भुगा होतें. म्हणून लोखंडी चिमटा लालबुंद करून बाटलीच्या मानेभोंवतीं धरतात, मग त्याच जागीं ओलें फडकें लावतात. कांच टकदिशीं सरळ रेषेंत तुटते. नंतर मानेमागें दिवा धरून पोर्ट संथपणें सुरईंत ओतावयाची, आणि साक्याची पहिली काळी रेघ मानेकडे सरकतांच हात थांबवावयाचा. सुरई पंक्तींत डावीकडे फिरते. कोणी ती आपल्यापुढेंच अडवून बसला तर त्यास मागत नाहींत. 'नॉरविचच्या बिशपांना आपण ओळखतां का?' असें विचारतात. जाणता मनुष्य काय तें समजतो.

प्याल्यांत प्रथम रंग पाहतात. तरुण पोर्ट मधोमध अपारदर्शक; तीस-चाळीस वर्षांची विटकरी तांबडी, आणि कडेला फिकट होत गेलेली. तुरटपणा देणारीं द्रव्यें व रंगद्रव्यें एकमेकांस चिकटून जड होतात आणि खालीं बसतात. साका म्हणजे हरवलेला तारुण्याचा भागच. वासांत ताज्या फळाच्या जागीं सुकें अंजीर, मनुका, अक्रोड, तंबाखूचें पान, जुन्या लांकडी पेटीचा दरवळ असें कांहींबाही येतें. शौकीन लोक या वासांच्या याद्या फार लांबवितात, आणि त्यांतला निम्मा भाग माझ्या मतें भाषेचा उत्साह असतो. पण साल ओळखण्याचें काम शुद्ध थोतांड नव्हे. 1963 सालच्या पोर्टचें सामर्थ्य आणि एखाद्या पावसाळी सालचा विसविशीतपणा यांतला भेद सरावलेल्या जिभेस कळतो. चुकला तरी तो अंधारांत मारलेला दगड नसतो. चूक व्हावयास कारणेंही आहेत. पूर्वीं पोर्ट पिंपांतून इंग्लंडास जाई आणि तेथील निरनिराळे व्यापारी ती बाटल्यांत भरीत. एकाच पेढीची, एकाच सालची पोर्ट भरणाऱ्याच्या हाताप्रमाणें वेगळी निघे. 1974 सालीं कायद्यानें व्हिंटेज पोर्ट पोर्तुगालांतच भरणें सक्तीचें झालें, तेव्हां ही पाठभेदांची भानगड संपली. म्हणूनच अशा बैठकी एकट्यानें होत नाहींत. पांच-सहा जणांनीं एकाच वेळीं तेंच मद्य चाखून वाद घातला, तरच त्या बाटलीचें थोडेंफार विश्वसनीय टिपण मागें राहतें. ज्याच्या अशा टिपणांचें 1920 सालीं पुस्तक झालें तो जॉर्ज सेंट्सबरी व्यवसायानें वाङ्मयाचा प्राध्यापक होता, हें मला स्वाभाविक वाटतें. त्याच्या सन्मानार्थ 1931 सालीं लंडनांत मंडळ निघालें. त्याच्या एकाही भोजनास तो वृद्ध गृहस्थ हजर राहिला नाहीं.

आपल्याकडे 'पोर्ट वाइन' हे शब्द निराळ्याच वाटेनें आले. आजाऱ्यास शक्ति यावी म्हणून चमचा-दोन चमचे सांगणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून ते पांढरपेशा घरांत शिरले, आणि गोव्यांत त्याच नांवानें एक स्वस्त गोड द्राक्षमद्य आजही विकलें जातें. तें दोउरोचें नव्हे. पोंबालच्या खांबांच्या आंतलें तर नव्हेच नव्हे. गोव्याहून परतलेल्या पाहुण्यानें तशी बाटली जपून वीस वर्षें ठेवली असेल तर ती आतां ठेवूं नये.

दोउरोच्या बऱ्याच पेढ्यांनीं 2016 आणि 2017 हीं लागोपाठचीं दोन सालें जाहीर केलीं. असें सार्वत्रिक जाहीर होणें दोन वर्षें ओळीनें पूर्वीं घडत नसे. कित्येक जुन्या शौकिनांनीं भुंवया उंचावल्या. पेढीवाले म्हणतात, हवाच तशी होती. या बाटल्या सध्यां तळघरांत आडव्या पडलेल्या आहेत, आणि त्या उघडून यांपैकीं कोणाचें खरें तें सांगणारी मंडळी अजून शाळेंत जात असतील.